ढेरेमामांचा पट्टा

जेवून आल्यावर हृषी टेबलावर डोकं टेकतो. पाचच मिनिटं. गालाखाली एका दीर्घिकेचं छापील चित्र आहे. तिचा उजेड इथवर यायला अकराशे कोटी वर्षं लागली. मधोमध ताऱ्यांचा सरळ पट्टा, त्याच्या दोन टोकांना फुटलेले दोन वळणदार हात. या पट्ट्यावरचा शोधनिबंध पाच वाजता पाठवायचाय. लेखक एकच, हृषी.

पापण्या मिटतात तोच समोर ढेरेमामा. वेधशाळेचे तंत्रज्ञ. वारून तीन आठवडे झालेत. कानामागे लाल पेन्सिलीचा तुकडा आहेच.

"झोप, झोप," ते म्हणतात. "मीही तेच करतोय."

टेबल लांबतच जातं. आता ते कॅन्टीनचं बाकडं आहे, आणि बाकडं म्हणजे तो पट्टा. त्यावरून वायूचे ढग ताटं घेऊन मधल्या कढईकडे घसरताहेत. कढईतून नवे तारे तळून निघतात.

"वर्षाला शंभर," मामा म्हणतात. "गरमच घे."

"मामा, मला जरा बोलायचं होतं."

"बोल की. मला कुठे जायचंय?"

वेधशाळेत एक रीत आहे. चित्रात नवं काही ज्याला आधी दिसेल, त्याने कोपऱ्यात पेन्सिलीने आद्याक्षरं टाकायची. या चित्रातला पट्टा आधी मामांना दिसला, त्यांनी 'रे. ढे.' टाकली होती. हृषी तेव्हा म्हणाला होता, "मामा, ती प्रिंटरची रेघ आहे." मामा गेल्यावर त्याने मोजून पाहिलं. रेघ प्रिंटरची नव्हती. मग त्याने खोडरबर घेतला.

"प्रिंटर कसा आहे रे?" मामा विचारतात.

हृषी मान खाली घालतो. "बरा आहे."

"पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेला उजेड तो. वाटेत कुणी अडवला नाही." मामा पेन्सिलीचं टोक चावतात. पुढचा एक दात पडलेला, त्या फटीतून हसतात. "इथे पोचला, आणि तू दोन रुपयांच्या रबराने पुसलास."

"चुकलं, मामा."

"मला काय सांगतोस? मी मेलोय."

बाकडं अचानक आखूड होतं आणि हृषी पडतो, तो खुर्चीतच. पाचला वीस कमी. गालाला चित्र चिकटलंय. कानामागे काहीतरी टोचतंय.

लाल पेन्सिलीचा तुकडा. मागचं टोक चावलेलं. दातांच्या खुणा ओळीने आहेत, फक्त मधे एका दाताएवढी जागा कोरी.

हृषी चित्राच्या कोपऱ्यात 'रे. ढे.' लिहितो, इतकं दाबून की कागद फाटतो.