नानाच्या लाल मोटारीचं इंजिन

"भाऊजी, छावणीतली ती शेड पुढच्या महिन्यात तोडणार आहेत. तुमच्या नानाची मोटर अजून आतच आहे. येऊन बघून जा ना."

झाशीहून वहिनींचा हा फोन आला आणि नऊ वर्षांनी मी तिकडचं तिकीट काढलं. खरं सांगतो, मोटार पाहायला जायची मला हौस नव्हती. भीती वाटत होती.

पुण्याहून झाशी म्हणजे रेल्वेत एक रात्र आणि अर्धा दिवस. इटारसीनंतर डब्यातली हिंदी बदलायला लागते, कानाला बुंदेली जाणवते. जानेवारीत जाणार असाल तर शाल हाताशी ठेवा, दुपारीसुद्धा हवेत बोचरेपणा असतो. स्टेशनबाहेर ई-रिक्शा लगेच मिळते. इलाइट चौराह्यावर नेहमीसारखी कोंडी होती. तिथल्याच एका गॅरेजमध्ये माझा थोरला भाऊ नाना विशीत असताना मेकॅनिक होता.

नाना आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. दारातच म्हणाला, "आलास? बैठ. पहिले चाय घे." आमचं घराणं इथे कित्येक पिढ्यांपासून आहे, आमची मराठी अशीच हिंदीत मिसळून उरली आहे. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला वहिनींनी बड्या बाजारातून गरम कचोऱ्या आणि जिलबी मागवली होती. तिकडे गेलात तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर पाय ठेवायला जागा नसते.

मोटारीबद्दल सांगायला हवं. छावणीतल्या भंगाराच्या लिलावात नानाला एक जुनी अमेरिकन गाडी मिळाली होती. कुण्या फौजी साहेबाने टाकून दिलेल्या मासिकातलं चित्र पाहून त्याने तिचे मडगार्ड उतरवले, टप कापून खाली घेतला आणि ट्रकचं दांडगं इंजिन आत बसवलं. बेरिंगं स्वतःच्या हाताने घासून घासून बसवली. पाच वर्षं लागली. वर लाल रंग. मोहल्ल्यात तिला 'नंगी मोटर' म्हणत. अशा गाडीला परदेशात हॉट रॉड म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं.

ग्वाल्हेरच्या एका वर्कशॉपचे मालक ती पाहायला येणार होते. गाडी पसंत पडली असती, तर नाना त्यांच्याकडे मुख्य मेकॅनिक झाला असता. आदल्या दिवशी नाना कामावर असताना मी किल्ली उचलली आणि दोन मित्रांना घेऊन बबीन्याच्या रस्त्याने गाडी पळवली. रेडिएटरमधलं पाणी गळतंय हे कळलं नाही. वाफ दिसली तरी थांबलो नाही, मित्र ओरडत होते ना, 'और तेज़!' शेवटी इंजिन जाम झालं. एका ट्रॅक्टरला बांधून गाडी परत आणली. इंजिन निवल्यावर मी रेडिएटरची सैल झालेली नळी आवळली, तो पुन्हा काठोकाठ भरला आणि गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर नानाने इंजिन सुरू करायचं हँडल फिरवून पाहिलं. फिरेना. पुन्हा पुन्हा जोर लावला, हाताची सालं निघाली. ते गृहस्थ घड्याळ पाहून निघून गेले. "माझी बेरिंगंच चुकली, फार घट्ट बसली," नाना म्हणाला. त्याच आठवड्यात छावणीतल्या एका ओळखीच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये त्याने मोटार ढकलली, कुलूप लावलं, गॅरेज सोडलं आणि कचेरीत कारकून झाला. मला पुण्याच्या बँकेत नोकरी लागली. मी निघून आलो.

त्या सकाळी नाश्ता करून आम्ही छावणीत गेलो. तिथले रस्ते अजून तसेच, स्वच्छ आणि शांत. सोबत सलीमभाई नावाचे वयस्कर मिस्त्री होते. कुलूप तोडावं लागलं. आत धुळीखाली लाल रंग होता, सीटमध्ये उंदरांनी बिळं केली होती. नाना काठी टेकून उभा राहिला, आत गेला नाही.

सलीमभाईंनी दुपारपर्यंत खपून इंजिनाचं हेड उतरवलं, खालून बेरिंगंही उघडली. मग कपड्याला हात पुसत म्हणाले, "बाबूजी, बेरिंग तो कमाल की बैठाई है। आज कोई ऐसे नहीं बैठाता। ये इंजन पानी के बिना दौड़ाया गया है। देखिए, पिस्टन जलकर चिपक गए।"

"पाणी भरलेलं होतं," नाना म्हणाला. "मी स्वतः पाहिलं होतं."

"नाना, ते मी भरलं होतं." मला खाली मान घालूनच बोलता आलं. बबीन्याचा रस्ता, वाफ, ट्रॅक्टर, सगळं सांगून टाकलं.

 सलीमभाई औजारं आवरत बाहेर गेले. नानाने वाकून एक बेरिंग उचललं आणि अंगठा त्यावरून फिरवला. 

"इंजिनचं काय रे," तो म्हणाला, "दुसरं मिळालं असतं. मी बसवलं असतं. तू नुसतं सांगायचं होतंस."

"नाना, मी..."

"मी हत्यारांना परत हात नाही लावला, श्री. घरचा पंखासुद्धा बाहेरच्या माणसाकडून दुरुस्त करून घेत आलो. वहिनीला विचार."

परत येताना रिक्शात तो माझ्याशेजारी बसला होता. ओरछा जवळ आहे, तासाभराचाही रस्ता नाही, उद्या जाऊ या, असं मी म्हणालो. "तू जा," एवढंच त्याने उत्तर दिलं. मी गेलो नाही. झाशीचा किल्लाही पाहिला नाही, त्यामुळे त्याबद्दल इथे काही शोधू नका.

पुण्यात येऊन तीन आठवडे झाले. मोटार सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये हलवली आहे. वहिनी सांगतात, नाना रोज सकाळी तिथे जाऊन बसतो, घरी येतो तेव्हा सदऱ्याला ग्रीस लागलेलं असतं. ऐकून बरं वाटतं, आणि लगेच त्याच्या कचेरीत वाया गेलेल्या सगळ्या सकाळी मनात येतात. मी दर रविवारी फोन करतो. वहिनी बोलतात. मागून नाना कुणाला तरी पान्याचे नंबर सांगताना ऐकू येतो. त्याला फोन द्या, असं म्हणायला अजून माझा धीर होत नाही, आणि तो मागतही नाही.