नळीतला दगड आन माझी गारगोटी

नळी उघडली त्या दिवशी हॉलात कोन कोन होतं ते आदी सांगते, म्हंजी मागनं कुनी म्हनाय नको, आमी न्हवतो. बंगल्याच्या बाई होत्या. पुन्यावरनं आल्याला टाकीवाला होता. वॉचमन दारात हुबा होता, आमच्याच वाडीतला. आन मी, हातात बादली घिऊन. साहेब न्हवते, ते कामाला परदेशात.

लोनावळ्याच्या त्या बंगल्यात मी लादी-भांडी करायची. हॉलात काचंची भली मोठी टाकी, खारं पानी, त्यात जित्ती पोवळी. साहेबांचा सारा जीव त्यात. टाकीखालच्या कपाटात एक उभी नळी, तिला गॅसचा सिलिंडर लावल्याला. त्या नळीत पांढरी दगडं भरायची. मेल्या पोवळ्याचं तुकडं ते, भोकाभोकाचं, वाळल्या हाडावानी. साहेबांनीच मला दाखवलं होतं. साबन न लावता धुवायचं, पानी नितळ येईस्तोर. चुरा टाकून द्यायचा, बोटाएवढं तुकडं तेवढं घ्यायचं, बारकं गेलं तर नळी तुंबती. कमी झालं की पोत्यातलं वर घालायचं. कमी कशानं हुतं ते त्यांनी सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई.

साहेब गेले आन कारभार बाईंकडं आला. त्यांनी नळीला कदी हात लावला न्हवता, पोत्यावर मात्र डोळा. एक दिवस म्हनाल्या, मावशी, ही दगडं जातात कुठं? म्हनलं, नळीत जात्यात. नळीत तर कमीच दिसतात, म्हनाल्या. त्यांनी पोतं उचलून कुलपात ठिवलं.

आमच्याकडं आजून काही बाया रांगोळी घरीच करत्यात. डोंगरावरनं गारगोट्या आनायच्या, चुलीत लाल तापवायच्या, मग उखळात कुटायच्या. भाजली की गारगोटी दुधावानी पांढरी हुती. माझ्या दारात रोज रांगोळी. हिच्या घरी पांढरी दगडं हायेत, असं वॉचमननं बाईंच्या कानात घातलं, आन दुसऱ्या दिवशी बाईंची गाडी वाडीत.

पडवीत भाजल्याल्या गारगोट्यांचा डबा होता. तो बाईंनी समद्यांदेखत पालथा केला.

"हे काय आहे?"

"गारगोटी हाय बाई, डोंगरावरची. हिला भोकं कुटं हायेत बघा."

"भोकं घासून काढलीस."

तोवर मी मावशी होते, तुमी होते. तितनं पुढं तू. भोक घासून निघतं व्हय? पन वाडीतलं कुनी हसलं न्हाई. बाया माझ्याकडं बघत ऱ्हायल्या. ते बघनं आजून माझ्या अंगावर हाय.

डबा गाडीत घातला. बंगल्यावर मलाच त्या गारगोट्या धुवायला लावल्या, मलाच रिकाम्या झाल्याल्या नळीत भरायला लावल्या. मी परत सांगितलं, ह्या माझ्या हायेत. बाई म्हनाल्या, काम ठेवायचं असेल तर भर. घरात म्हातारा अंथरुनाला खिळल्याला. भरल्या.

आन मग काय, गारगोटी जशी भरली तशीच ऱ्हायली. महिना गेला, खडा कमी न्हाई. बाई कपाट उघडून आल्या-गेल्याला दाखवायच्या, बघा, चोरी पकडली तेव्हापासून एक दगड हलला नाही. ते बी वाडीत पोचलं. माझी सून नवलाख उंबरे गावात कंपनीत कामाला जाती. कंपनीच्या गाडीत बाया तिला इचारायच्या, सासूनं आज काय आनलं गं? सून घरी यिऊन माझ्याशी बोलंना झाली. ताट पुढं सारायची आन आत जायची.

तवर पोवळी बिघडली. आदी शेंडं पांढरं पडलं, मग सारा रंगच उतरला. बाई म्हनाल्या, हिनंच पान्यात काहीतरी टाकलं. साहेबांनी फोन करून टाकीवाल्याला धाडलं.

त्यानं नळी उघडून एक खडा काढला, उजेडात धरला. सैपाकघरातनं व्हिनेगर मागितलं. कुलपातल्या पोत्यातल्या तुकड्यावर टाकलं तसा तो फसफसला. माझ्या गारगोटीवर टाकलं, ती ढिम्म.

"हे कुणी भरलं? ही गारगोटी आहे मॅडम, गॅस हिला काय करणार? गॅसनं पाणी आंबट होतं, त्यात नळीतला दगड विरायलाच पाहिजे. तो विरून पाण्यात उतरतो, त्यावरच पोवळी जगतात."

बाई म्हनाल्या, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आन माझ्याकडं न बघता, मावशी, चहा ठेवा. परत मावशी झाले.

मी चा ठिवला न्हाई. म्हनलं, "बाई, त्याच गाडीनं वाडीत चला. डबा जितं पालथा केला तितं हुबं ऱ्हाऊन सांगा."

"एवढ्याशा गोष्टीसाठी?"

मी माझ्या गारगोट्या बादलीत घेतल्या, खारेपना जाईस्तोर धुतल्या आन घरी आले. काम सुटलं. बाई काय वाडीत आल्या न्हाईत. वॉचमननं सारं कानानं ऐकलंय, पन त्याला बी नोकरी हाय, त्यानं तोंड उघडलं न्हाई. मी सांगाय गेले तर बाया म्हनत्यात, दगड विरला व्हय, साखरंचा होता का गं आजी? सून आजून ताट सारून आत जाती.

म्हनून ह्ये जो कोनी वाचल त्याला येकच मागनं. लोनावळ्याच्या वरच्या वाड्यांतलं कुनी तुमाला भेटलं, तर तेवढं सांगा. टाकीतला तो दगड विरतो. म्हातारीनं नेला न्हवता.