डाव्या बाजूचं बेरिंग

आदल्या संध्याकाळी मी आणि बायकोने मिळून चाकांच्या बेरिंगांत ग्रीस भरलं. दोघांनी शेजारी बसून केलेलं ते शेवटचं काम. अंगणात गोणपाट अंथरलं होतं, ट्रॉलीची मागची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती. ती पाटावर बसून तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायची आणि बेरिंगची कड त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीस वर येईपर्यंत. मी भरलं की मधे पोकळी राहते. तिच्या हातून कधी राहिली नाही.

"तुमचे हात म्हंजे फावडी," ती म्हणाली. "तुमी नट आवळा. तेवढंच येतं तुमाला."

खाडीच्या काठाला आमची भातशेती होती. बांध फुटून खारं पाणी आत आलं, बाजूला टॉवर उभे राहिले, शेती गेली. ट्रॅक्टर राहिला. मग मी बोटी ओढायला लागलो. पावसाळ्याच्या तोंडाला कोळ्यांच्या बोटी वर काढायच्या आणि मासेमारीची बंदी उठायच्या आधी परत धक्क्यावर नेऊन पाण्यात सोडायच्या. जुन्या ट्रकच्या एक्सलवर ट्रॉली बांधून घेतली. ट्रॅक्टर मी चालवायचो आणि ती लाकडी ठोकळा घेऊन ट्रॉलीच्या डाव्या बाजूने चालायची. उतारावर गाडी सरकली तर ठोकळा चाकाखाली घालायचा, हे तिचं काम. वीस-बावीस वर्षं केलं. नायगावचे नवीन लोक गाडीतून हॉर्न मारायचे, तेव्हा ती ठोकळा दाखवून त्यांना थांबवायची आणि ते थांबायचे.

बोट ओढणं म्हणजे विटा ओढणं नव्हे. बोटीचं अंग वर रुंद आणि खाली निमुळतं, ट्रॉलीवर ती उभी राहते ती दोन्हीकडच्या टेकूंवर आणि दोरांवर. वळणाला झोक घेते. धक्क्याच्या उतारावर ट्रॅक्टरलाच मागे ओढते. आणि खारं पाणी तर वैरीच. चालून तापलेलं चाक तसंच पाण्यात घातलं की ते पाणी आत शोषून घेतं. बाहेरून चाक झकास दिसतं, आत गंज धरतो. म्हणून धक्क्यावर पोचलो की चहा पिऊन होईपर्यंत ती मला पाण्यात उतरू द्यायची नाही. मी कुरकुर करायचो. भरती काय आपल्या चहासाठी थांबते का, म्हणायचो.

त्या संध्याकाळी तिने डाव्या बाजूचं बेरिंग बोटात धरून फिरवलं आणि कानाशी नेलं.

"यो खरखरतोय," ती म्हणाली.

मी फिरवून बघितलं. मलाही खरखर लागली. हे मी इथे स्पष्ट लिहितो, कारण त्यानंतर एक दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही.

"नवीन घाला ना," ती म्हणाली.

"दुकान तुळिंजला. आता कोन जानार? एक खेप होऊ दे. परवा आनतो."

"परवा परवा करून ग्रीस भरतो आपन, आनि चाक ऐकतं होय?"

"तू घाल गं."

तिने घातलं. स्वतःच्या हाताने, नीट ग्रीस भरून घातलं. मी नट आवळला. मग आम्ही रॉकेलने हात पुसले आणि जेवायला बसलो. सुक्या बोंबलाची चटणी होती. तिने हाताचा वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि डाव्या हाताने चमचा धरून जेवली.

सकाळी ज्याची बोट न्यायला गेलो तो कोळी चाळीस-बेचाळीसचा. मला काका म्हणतो, तिला काकी. त्याच्या आईने बोटीला हळदकुंकू लावलं. बोट ट्रॉलीवर चढल्यावर मी ट्रॅक्टरवरून उतरून चाकं बघितली, तर टायर नेहमीपेक्षा जास्त बसलेले. बोट रिकामी द्यायची हा माझा कायदा सगळ्यांना माहीत. याने जाळी आणि डिझेलचे दोन पिंप आत ठेवले होते, ताडपत्री टाकून. मला टायरावरून कळलं. मी बोललो नाही. एवढं वजन ट्रॉलीने आधी ओढलं होतं, आणि वाद घालत बसलो असतो तर भरती गेली असती.

"काकी, यंदा तरी बसा बोटीत. रानीसारखी नेतो," तो म्हणाला.

"तुज्या बोटीत बसायचं तर आधी ती धू. मेलेल्या माशाचा वास सुटलाय," ती म्हणाली. सगळे हसले.

वाटेत दोन गतिरोधक लागतात. दुसऱ्यावर डाव्या चाकाचा आवाज आला. तिने पुढे येऊन हात वर केला, मी थांबलो. तिने चाकाच्या मधल्या भागावर तळहात ठेवला आणि पटकन काढला.

"तापलाय लय."

"धक्क्यावर चहा पिऊ तवा थंड होईल," मी म्हटलं.

धक्क्यावर पोचलो तर पाणी पुरतं भरलेलं, मागे अजून दोन बोटी उभ्या. त्यांचे लोक ओरडायला लागले. चहा झाला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी नको म्हणून मान हलवून ट्रॅक्टर मागे घ्यायला सुरुवात केली. ती ठोकळा घेऊन डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथे नेहमी राहायची.

उताराच्या अर्ध्यावर बेरिंग फुटलं. चाक निघून खाली गडगडत पाण्यात गेलं. ट्रॉली डावीकडे बसली, टेकू मोडला, एक दोर तुटला आणि बोट कलली. मी ब्रेक दाबेपर्यंत झालं होतं. बोटीची कड तिच्या छातीला लागली होती. बारा-पंधरा माणसांनी खांदा लावून बोट उचलली. दवाखान्यात नेईपर्यंत ती जिवंत होती असं म्हणतात. मी तिच्याजवळ बसलो होतो, मला तसं काही दिसलं नाही.

दवाखान्यातच पोलीस आला. कसं झालं, विचारलं. मी बोलायच्या आधी तो कोळी पुढे झाला. रडत होता. साहेब, काकांचा नियम होता बोट रिकामी द्यायची, मी चोरून सामान ठेवलं, माझ्या वजनाने चाक गेलं, माझ्यामुळे गेली, असं सगळं सांगून मोकळा झाला. पोलिसाने लिहून घेतलं.

"असंच ना, बाबा?" त्याने मला विचारलं.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्याने कागद पुढे केला. मी चौथी शिकलेलो, वाचायला वेळ लागतो. न वाचता सही केली. पण त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं.

संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून घरी आलो. मुलगी विरारहून आली होती. कोळी फाटकापाशी जमिनीवर बसलेला. मुलगी बाहेर गेली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही कसे बसता हो इथे? दोन पिंपांसाठी माझी आई घेतलीत तुम्ही."

तो म्हणाला, "खरं आहे ताई."

मग मला म्हणाला, "काका, ती बोट मी फोडून टाकनार. तिच्यात परत पाय ठेवनार नाय. मला पोलीस नेतील तर नेऊ द्या."

मी म्हटलं, "घरी जा." एवढंच. तो गेला. मुलीने माझ्यासाठी पेज केली आणि चमच्याने भरवायला लागली. मी खाल्ली. अजून लाज वाटते ती त्या पेजेची.

सकाळी उठलो तेव्हा मुलगी चुलीपाशी बसली होती. तिला म्हटलं, बेरिंग खराब होतं. तुझ्या आईने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. चाक तापलंय हेही सांगितलं होतं. वजन आहे हे मला टायरावरून कळलं होतं. त्या माणसाचं सामान काढायला लावणं माझं काम होतं, ते मी केलं नाही.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तिने दोनदा सांगितलं?"

"दोनदा."

ती उठून मागच्या दाराने बाहेर गेली. मी सदरा घातला.

सुतकात कोणी दुसऱ्याच्या दारात जात नाही. मी कोळीवाड्यात गेलो आणि त्याच्या घराबाहेर, रस्त्यावरूनच हाक मारली. तो आला, मागे त्याची आई आली. मुलीला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं, आता चौकीवर चाललोय म्हटलं. त्याची आई म्हणाली, "आत ये रे, उन्हात नको उभा राहू." मी म्हटलं, सुतक आहे.  तो पायात चपला घालून माझ्याबरोबर चौकीवर आला. 

कालचाच पोलीस होता. "बाबा, काल सही केलीत ना?"

"केली. ती खोटी आहे. दुसरं लिही."

त्याने कोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "याने धमकी दिली का तुम्हाला?"

"त्याने कशाला दिली. तू लिही."

मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. बेरिंग, दुकान, गतिरोधक, न घेतलेला चहा. बायकोने खरखर ओळखली होती, इथे येऊन त्याने पेन थांबवलं.

"हे नको. तुमच्याच अंगावर येईल. बेरिंग खराब होतं एवढं पुरे, कोण काय बोललं त्याची गरज नाही."

"आहे गरज. तिने सांगितलं होतं, लिही. दोनदा सांगितलं होतं, ते पण लिही."

त्याने लिहिलं. मी म्हटलं, आता वाच. त्याने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग मी सही केली.