चुडामणने सांगितलेलं जावा बेट

जळगावजवळच्या असोद्याचा चुडामण पलटणीतून, जावा बेटावरून, परतला, तेव्हा तू तिकडे काय केलंस, असं त्याला कोणी विचारलं नाही. काय काय पाहिलंस, हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात जळगावच्या एका वाचनालयाने त्याचं व्याख्यान ठेवलं. चिटणीसांनी भाषण लिहूनच हातात दिलं: 'ज्वालामुखींच्या बेटांची ओळख'. जावाला कोणत्या महिन्यात जावं, गरम पाण्याचे झरे कुठे, डोंगराच्या तोंडचा धूर पहाटे किती गोजिरा दिसतो! चिटणीस स्वतः कधी भुसावळच्या पलीकडे गेले नव्हते.

"लढाईचं काही नको," त्यांनी बजावलं. "बायामाणसं येणार आहेत."

चुडामणची आई भिकुबाई पहिल्याच रांगेत बसली होती. जे करून आलो ते तिला सांगायला सहा महिने त्याची जीभ रेटली नव्हती. आज कागद वाचला, तर ते जन्मभर पोटातच राहणार होतं.

दोन ओळी वाचल्या आणि त्याचं डोकं सणकलं. त्याने कागद टेबलावर आपटला.

"कसाची ओळख? तिथली मानसं डच गोऱ्याले म्हनत व्हती, आमच्या देशातून चालते व्हा. आपन इथं तेच म्हनतो ना? त्यायच्यावर बंदूक धरायले इंग्रजानं आपल्यालेच नेलं!"

सभेत चुळबुळ झाली. चिटणीस खुणा करत राहिले. चुडामणने तिकडे पाहिलंही नाही.

तो सांगत गेला. तिकडे रस्त्याकाठी एका म्हाताऱ्याची केळीची बाग होती. गोळीबाराला आड येते म्हणून साहेबाने ती तोडायला सांगितली. सगळी बाग निसवलेली, झाडाझाडाला घड लोंबत होते. घड आलेली केळ म्हणजे लेकुरवाळी, खानदेशात तिला कोणी कोयता लावत नाही. पलटणीतल्या बाकीच्या पोरांना केळ कशी तोडतात ते ठाऊक नव्हतं, ती वेडेवाकडे घाव घालत बसली. त्यांचं ते अडाणी काम चुडामणला बघवेना.

"मीच पुढे झालो," तो ओरडला. "म्हटलं, सरका, मले येतं! एका घावात एक केय. म्हातारा एका झाडाले मिठी मारून बसला. त्याले बाजूले केलं आन् तेबी तोडलं. साहेबानं पाठ थोपटली. मले बरं वाटलं, बरं!"

चिटणीस घाईघाईने उठले. "फारच हृदयस्पर्शी," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या, तशा लोकांनीही वाजवल्या. "आता तिथल्या हवामानाविषयी दोन शब्द..."

"टाळ्या कसाच्या वाजवता रे, मेल्यांनो!" भिकुबाई ताडकन उभी राहिली. टाळ्या थांबल्या. ती लेकाकडे वळली.

"त्या म्हाताऱ्याचं नाव काय व्हतं?"

नाव चुडामणने विचारलंच नव्हतं.

भिकुबाई चपला घालून एकटीच असोद्याच्या वाटेला लागली.