एक खुर्ची, एक पाटवडी

भाचीने, पल्लवीने, बँकेतली नोकरी सोडून स्वयंपाकाचा धंदा धरला, तेव्हापासून तिची आई म्हणजे माझी थोरली ताई त्या विषयावर तोंड मिटून होती. भांडण नाही, रुसवा नाही. "चार लोकायले खाऊ घाल, म्या चाखीन, मग बोलीन," एवढंच तिचं म्हणणं.

ती वेळ यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी आली. नागपुरात, सदरमधल्या एका हॉटेलच्या गच्चीवर वऱ्हाडी पदार्थ आणि सोबत वाइन, थोडंथोडं चाखायचा कार्यक्रम. रांधणारी पल्लवी. जागा मोजक्या, तिकीट आधीच काढायचं. मी कामठीत खाटेवर बसून मोबाइलवर तिकीट काढलं आणि स्वतःवरच खूश झालो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: कामठीहून शेअर ऑटोने ऑटोमोटिव्ह चौक गाठावा. ऑटोत मांडीला मांडी लावून बसावं लागतं, पण गप्पा फुकट. तिथून मेट्रो. कस्तुरचंद पार्कला उतरलं की सदर पायी जाता येतं. ऊन कोवळं होतं. ताई नवं लुगडं सांभाळत, पिशवी काखेत मारून चालत होती. पिशवीत स्टीलचा डबा. ती डब्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

गच्चीच्या दारात काळ्या कोटातली एक पोरगी उभी होती. तिने माझा मोबाइल पाहिला, मग आम्हा दोघांना पाहिलं.

"काका, हे एकाचंच तिकीट आहे."

आता माझी गंमत ऐका. आपल्याकडे पत्रिकेवर एकाचं नाव असतं आणि जेवायला अख्खं घर जातं. हेही तसंच, घरटी एक तिकीट, असं मी धरून चाललो होतो.

"बरं, मग मी दुसऱ्या पंगतीले बसतो."

"दुसरी पंगत नसते, काका."

"आणखी एक तिकीट द्या मग."

"सगळी संपली. जेवढी तिकिटं तेवढ्याच खुर्च्या."

ताई म्हणाली, "तू जाय गा. तुले हौस आहे."

"रांधणारी पोरगी कोणाची आहे वं?" मी मोबाइल ताईच्या हातात दिला आणि जिना उतरलो.

खाली कोपऱ्यावर तर्री-पोह्याची गाडी होती. तर्री झणझणीत, वर चिवडा, कांदा, लिंबाची फोड. मी सावकाश खाल्लं. वरच्या गच्चीबद्दल लिहायला मजजवळ काही नाही, हे वाचकांनी समजून घ्यावं. मधूनच टाळ्या ऐकू आल्या. कशाच्या, ते कळलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ताई उतरली. पार्काजवळच्या कट्ट्यावर बसली आणि डबा उघडला. आत दोन पाटवड्या.

"ताई, चोरून आणल्या काय?"

"चोरून काहून आणीन? बाजूले एक चष्मेवाला बसला होता. माह्यापुढं दर पदार्थासंग वाइनचा पेला ठेवून राहिले होते. म्या त्याले म्हटलं, भाऊ, माहे पेले तुम्ही घ्या, तुमच्या पाटवड्या मले द्या. माहा भाऊ खाली उभा आहे."

"अन् तुझ्या वाट्याच्या?"

"त्या म्या खाल्ल्या."

"रस्सा?"

"खाल्ला."

"पल्लवी दिसली?"

"वाढून राहिली होती. माह्याकडं एकदा पाहिलं अन् मान खाली घातली."

मी एक उचलून तोंडात टाकली. पाटवडी गार झाली होती, तरी मऊ होती आणि मोडत नव्हती. खसखस-खोबरं बेताचं. माझं मत मी ताईला सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

अशा कार्यक्रमाला जायचं असेल तर माणशी तिकीट काढा, आणि दोन घास घरून खाऊन जा, कारण तिथे आग्रह कोणी करत नाही. पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. गच्ची मी पाहिली नाही, पण चष्मेवाल्याचा सौदा आठवला की अजून हसू येतं.

त्या संध्याकाळी कामठीत ताई ओसरीवर मेथी निवडत होती. पल्लवीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"आई, तू काही न बोलताच गेलीस. खरं सांग नं, काय कमी होतं?"

ताईने हातातली जुडी संपवली. काड्या बाजूला सारल्या.

"काहीच कमी नव्हतं वं," ती म्हणाली, "खुर्च्या सोडून."