उपरण्याखालचा भाव

नातवंडांनो, धाकटीने पाठवलेला शाळेचा निबंध मी दोनदा वाचला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तुमच्या अमेरिकेत तेलवाले आणि रेल्वेवाले बंद खोलीत दर ठरवत, पुढाऱ्यांनाही खिशात ठेवत. मग सरकारने कायदे केले, कंपन्या फोडल्या. इथवर ठीक. पण शेवटचं वाक्य आहे, ‘त्यानंतर लपवाछपवी संपली.’ निबंध सोमवारी द्यायचा आहे, म्हणून आजच लिहिते. त्या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही.

अशी एक सुधारणा मी बीदरजवळच्या चिटगुप्प्याच्या बाजारात पाहिली आहे. माझे वडील तिथे अडते होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे. भाव तोंडाने कोणी बोलत नसे. वडील आणि व्यापारी उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, की सौदा झाला. ज्याची तूर, तो समोर नुसता उभा. त्याला भाव नंतर सांगत. दाबलेला आणि सांगितलेला भाव एकच होता का, कोण जाणे.

मी कॉलेजात असताना सरकारचा हुकूम आला: उपरणं बंद, बोली मोठ्याने. पहिल्याच सकाळी चार व्यापारी आमच्या घरी चहाला आले. मी कपबशा घेऊन ओसरीवर गेले, तर कोणी बोलत नव्हतं. वडिलांच्या आणि शेजारी बसलेल्या व्यापाऱ्याच्या मांडीवर उपरणं पसरलं होतं आणि ते हलत होतं.

मग मीही बाजारात गेले. नवऱ्यामागे एकटीने शेती करणाऱ्या एका अक्काची तूर पहिली बोलीला लागली. त्याच चौघांनी खणखणीत बोली केली आणि चौघे एकाच भावावर थांबले.

“अप्पा, सगळे एकाच जागी कामून थांबायलेत?” अक्काने वडिलांना विचारलं.

“उघड बोली हाय, अक्का. तू ऐकलीस की.”

“व्हय, ऐकली. आधी बोटं दिसत नव्हती, आता तोंडं दिसायलीत. मी न्हाई देत.”

“मग काय लेकीच्या लग्नात वाटतीस का तूर?” एक व्यापारी म्हणाला.

“वाटते की. तू वाढायला ये.”

तिने पोती परत गाडीत भरली. पुढच्या आठवड्यात ती तूर बीदरला थोड्या चढ्या भावाने गेली. त्या चहाबद्दल वडिलांना मी कधीच विचारलं नाही.

आता बोली मोबाईलवर होते. व्यापारी आधी एकत्र चहा पितात, असं ऐकते. विकण्याआधी भाव कळण्याचा आणि तो नाकारून माल परत नेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मात्र त्या हुकमाने मिळाला, तो अजून आहे. धाकटीने शेवटी एवढंच लिहावं.