पाणी आहे, म्हणूनच नको

जमिनीखालचं पाणी शोधणं हा माझा धंदा. भूगर्भशास्त्र शिकले, पण मुळशीत त्या नावाने मला कुणी ओळखत नाही. "पाणीवाल्या मॅडम" म्हणतात. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून फिरतो, मी लोखंडी खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडते. लोकांच्या लेखी फरक एवढाच, की माझं सामान जड.

कोळवणच्या वर, डोंगराच्या उतारावर, पुण्याच्या एका गृहस्थांनी फार्महाऊस बांधलं होतं. बोअर कुठे घ्यायची ते सांगायला त्यांनी मला बोलावलं. वर चढताना वाटेतल्या झऱ्यावर एका धनगर मावशींनी मला तांब्याभर पाणी दिलं. त्यांची शेरडं-मेंढरं त्या झऱ्यावरच उन्हाळा काढायची. दिवसभर मोजमाप केलं. एका जागी पाणी भरपूर दिसलं. पण पाण्याचा तोच थर खाली मावशींच्या झऱ्याला जात होता.

मी मालकांना तोंडावर सांगितलं, "इथे पाणी आहे, म्हणूनच इथे नको. खालचा झरा आटेल. छपरावरचं पावसाचं पाणी साठवा." रिपोर्टातही तेच लिहिलं. ते मान डोलावत होते. मान डोलावणाऱ्या माणसांचा मला राग येतो. ती ऐकत नसतात.

पाणी बघून झालं की जागा चुकू नये म्हणून मालकाने तिथे दगड ठेवायचा, त्याला कुंकू लावायचं, अशी रीत आहे. मी सामान जीपमध्ये टाकून मागे पाहिलं, तर माझी खुंटी होती तिथे कुंकवाचा दगड. तशीच परत चढले आणि तो दगड उचलून फेकून दिला. मालक हसले. "असू द्या मॅडम, जागा पाठ झालीय."

थोड्याच दिवसांत त्यांचा फोन आला. "तुमच्या हाताला यश आहे हो! तुम्ही दाखवलंत तिथेच फवारा उडाला." मी संतापून फोन कट केला. मग पार पिरंगुटपर्यंतच्या लोकांचे फोन सुरू झाले, आम्हालाही तशीच जागा दाखवा म्हणून. नाही म्हटल्याचं हे बक्षीस!

त्या बोअरविरुद्ध तक्रार घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "जमीन तुमची? झरा तुमचा? मग तुम्ही कोण?" तक्रारीचा कागद परत सरकवत म्हणाले, "आणि पाणी दाखवलं तुम्हीच ना?" कपाळाला हात लावून बाहेर आले.

उन्हाळ्यात राहवेना, म्हणून एका कामावरून परतताना सामानासकट झऱ्यावर गेले. खडकाला नुसती ओल होती आणि शेरडं ती चाटत होती. मावशींनी मला ओळखलं.

"बरं झालं आलासा. तुमास्नी भुईतलं पानी दिसतंय म्हनं. आमचं कुटं गेलं, बघा की जरा."

"वर, त्या बंगल्यात," मी म्हणाले. "मी नको म्हणाले होते, मावशी. ऐकलं नाही त्यांनी."

"वर गेलंय ते आमालाबी ठावं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "खाली कसं आनायचं, ते इचारतीया."

वर बागेत पाइप सोडलेला होता, त्याचा आवाज खालपर्यंत येत होता. मावशींनी शेरडं बाजूला हाकलली, मला खुंट्या ठोकायला जागा करून दिली, आणि वाट बघत उभ्या राहिल्या.